डीआय बॉक्सची काही गरज नाही

बेस गिटार वाजवणाऱ्याला स्टेजवर डीआय बॉक्स लागतो का, असं मुलीनं मला विचारलं तेव्हा मी "काही गरज नाही" असं ठाम उत्तर दिलं. डीआय बॉक्स म्हणजे काय, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

(माहीत नव्हतं म्हणूनच उत्तर इतकं ठाम देता आलं. माहीत असलं की माणूस चाचरतो.)

मी चंद्रपुरात वीजबिलांच्या कार्यालयात काम करतो. म्हणजे कोणाच्या घरी किती युनिट जळले ते पाहतो. ते युनिट तारेतून त्या घरापर्यंत कसे आले, याच्याशी माझा काहीही संबंध नाही. नातेवाइकांना हा फरक समजावून सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. सासरी तर मी 'लाइनवाले जवाई' आहे. कोणाचा पंखा थांबला, टॉर्च लागेना, मिक्सरमधून धूर निघाला की ती वस्तू चहाच्या आधी माझ्यापुढे येते. मी ती उलटी करतो, कानाजवळ नेऊन हलवतो आणि "आत कुठेतरी लूज आहे" म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंच निघतं. अशानं माणसाची कीर्ती होते, आणि मग ती उतारवयापर्यंत वाहावी लागते.

तर आमची प्राची. ही बी.एस्सी. झाली आणि नागपूरहून डिग्रीबरोबर एक बेस गिटार घेऊन आली. शेजारच्यांनी पाहिलं आणि हळहळले, "चारच तारा? बाकीच्या दोन बसमध्ये तुटल्या काय जी?" चारच असतात, हे मी आळीत निदान वीस जणांना सांगितलं असेल. आवाज म्हणाल तर गिटारीसारखा किणकिणत नाही, भात गिरणीसारखा पोटातून घुमतो. ती आतल्या खोलीत वाजवायला बसली की स्वयंपाकघरात फळीवरचे स्टीलचे पेले हळूहळू कडेला चालत येतात. मी रोज संध्याकाळी ते मागे सरकवून ठेवतो.

प्राचीला नाटक कंपनीत जायचं होतं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात आणि वडसा गावच्या कंपन्यांना वादक लागतात. एका कंपनीचे मालक तिच्याशी फोनवर बोलले होते. "बेस आमच्याकडे अजून नाई. ऐकतो, मंग सांगतो," एवढंच म्हणाले होते. ते आमच्या सासरच्या गावी, सावली गावाजवळ, मंडईच्या म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी नाटकाची तारीख ठरवायला येणार होते. त्या संध्याकाळी गावच्या मंडळाची गाणी होती. त्यात प्राचीनं वाजवायचं आणि मालकांनी ऐकायचं, असं ठरलं.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, अट घातली. "मालकानं घेतलं त जाय. नाई घेतलं त गुपचूप बी.एड.ले जाशीन. मंग रडाचं नाई."

"नाही रडणार," प्राची म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं. मी पोळ्या मोजतो, म्हणून मला ते कळलं.

मंडईच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, बेसले डीआय बॉक्स लागते. नानाजीभाऊजवळ आहे का, विचारा न."

नानाजी हे सासरच्या गावचे माईकवाले; माईक, भोंगे आणि आवाजाची मशीन त्यांची.

"माईकला लागतो का तो बॉक्स?" मी विचारलं.

"नाही."

"ऑर्गनला?"

"ऑर्गन नानाजीभाऊच्या मशीनजवळच राह्यते. वायर हातभर असते. मी तिकडे स्टेजवर, मशीन मंडपाच्या दुसऱ्या टोकाला. गिटारची वायर तेवढी लांब केली का आजूबाजूचा करंट पकडते."

"मग आजूबाजूला करंट नसेल अशा बाजूनं वायर नेऊ! त्याला बॉक्स कशाला? काही गरज नाही."

हे मी तर्कानं बोललो होतो. आजही मला तो तर्क चुकीचा वाटत नाही. चुकलं ते पुढे.

सासरच्या गावात जावयानं काम करायचं नसतं. पाण्याचा गडवाही आपण उचलायचा नाही. उचलला तर गाव सासऱ्याच्या घराला नावं ठेवतं. खुर्चीत बसायचं, पोहे आले की खायचे, पुन्हा आले की पुन्हा खायचे. मला हे अत्यंत थकवणारं वाटतं. त्यामुळे मंडईच्या दुपारी प्राची मामीकडून केस विंचरून घेत होती तेव्हा मी खिशात मोजपट्टी घालून हळूच मंडपाकडे निसटलो.

मंडप गावाच्या कडेला होता. एका बाजूनं दिव्यांच्या वायरी, जनरेटर, पाळणेवाल्याचं कनेक्शन. सगळा करंटच करंट. दुसऱ्या बाजूला माझे मेहुणे देवरावभाऊ यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. त्यांना डुकरांसाठी तारेचं कुंपण होतं. मी तारेजवळ टेस्टर धरला. लागला नाही. शेजारी गवत चरत असलेली शेळी तारेला पाठ घासत होती. एवढा पुरावा मला पुरे होता.

स्टेजपासून मशीनपर्यंत एकशे चाळीस फूट भरले. नानाजींकडे एवढी लांब गिटारची वायर नव्हती. माझ्याकडे घरच्या बेलसाठी आणलेलं दोन तारी वायरचं बंडल होतं. मी तुकडे जोडले, प्रत्येक जोडावर दोनदा टेप मारली आणि वायर कुंपणाच्या बांबूंना नायलॉनच्या दोरीनं बांधली. तारेला नाही, बांबूला! मी काही मूर्ख नाही. प्रत्येक बांबूला दुहेरी गाठ, वर एक निरगाठ. माईकच्या वायरीही त्याच वाटेनं नेल्या, म्हणजे कोणाच्या पायात काही यायला नको.

"जवाईबुवा, तुमी बसा न जी," नानाजी काकुळतीला आले. "लोकं पाहून राह्यले."

"झालंच."

वायर लावून पाहिली. भोंग्यातून बारीक 'घुंऽऽ' आली.

"घुं आहे थोडी," मी म्हणालो.

"घुं त राह्यतेच जी. घुं नसली त लोकाइले वाटते मशीन बंद हाय."

मला समाधान वाटलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मशीनचं टेबल डुगडुगतं. आता डुगडुगणारं टेबल पाहून उठून जाणं माझ्या स्वभावात नाही. कागदाच्या घड्या घातल्या, पुरल्या नाहीत. कवेलूचा, म्हणजे कौलाचा, तुकडा जाड झाला. शेवटी नानाजींच्या पेटीत पिना आणि उदबत्तीच्या पुड्यांखाली एक चपटा लोखंडी डबा सापडला. तळहाताएवढा, लाल रंग उडालेला, कडेला दोन-तीन भोकं.

"नानाजी, हे कामाचं आहे का?"

"ते मशीनसंगं आलं होतं जी. काहाचं हाय त मले नाई मालूम. ठेवा."

मी तो टेबलाच्या पायाखाली सरकवला. जणू त्याच पायासाठी बनवला होता! टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवून पाहिला. थेंब सांडला नाही. मी घरी जाऊन पुन्हा पोहे खाल्ले.

संध्याकाळी मंडप भरला. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी लोखंडी पायांचा सोफा. त्यावर मालक, शेजारी मी. मालक बोलण्यात काटकसरी होते. "पोरगी तुमची?" "होय." "बरं." एवढंच आमचं झालं. मागं बायकांत सुनंदा. तिच्या हातात पदराचं टोक होतं आणि ती त्याची पुरचुंडी करत होती. बी.एड.ची अट तिनंच घातली होती, हे आता तिच्याकडे पाहून कोणाला पटलं नसतं.

प्राची गिटार घेऊन उभी राहिली. देवरावभाऊंनी ढोलकी मांडीत घेतली. गाणं चांगलं उडत्या चालीचं होतं. दोन ओळी झाल्या, अंधार पडला, आणि भोंग्यातून आवाज आला:

टक.

मला वाटलं, माझंच हृदय.

टक.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

टक. टक. टक. अगदी घड्याळासारखं, सेकंदाला एक! गाणं त्याच्यापेक्षा वेगात होतं. देवरावभाऊंनी काही काळ तग धरला, पण टकटक भोंग्यातून आणि ढोलकी हातातून, कोण जिंकणार? ढोलकी हळूहळू टकटकीच्या मागं गेली. तिच्या मागं ऑर्गन गेला. गाणारा एकेका शब्दावर श्वास धरून उभा राहू लागला. उडत्या चालीचं गाणं पाळण्याच्या गाण्यासारखं झालं. पुढच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू खरंच झोपलं!

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हे त झटका मशीन हाय! मंडपात झटका उतरला!"

झाडीत लहान लेकराला आईचा आवाज आणि झटका मशीनची टकटक सारख्याच ओळखू येतात. डुकरांसाठी कुंपणात सोडतात तो झटका; जीव घेत नाही, पण एकदा बसला की माणूस डुकरालाही मान देऊ लागतो. मंडपाच्या लोखंडी पाइपांना टेकून उभी असलेली माणसं एकदम मंडपाच्या मध्यावर आली. खुर्च्यांवरच्यांनी पाय वर घेतले. मालकांनीही सोफ्यावर मांडी घातली आणि धोतर आवरून घेतलं.

"काही होत नाही," मी उभा राहून म्हणालो. कोणी ऐकलं नाही, कारण मीही पाय सोफ्यावर घेऊनच उभा होतो.

गाणं थांबलं. टकटक चालू.

नानाजींनी मशीनवरची एकेक खुंटी खाली करून पाहिली. गाणाऱ्याची केली, टक. ढोलकीची केली, टक. प्राचीची केली. शांतता!

"गिटारच्या वायरीत हाय," नानाजींनी जाहीर केलं. माईकवरून. साऱ्या गावाला. "वायर जवाईबुवांनं बांधली."

सारं गाव माझ्याकडे वळलं. जावयाला कोणी बोलत नाही, नुसतं पाहतात. त्यापेक्षा बोललेलं बरं.

सुनंदाला ही अडचण नव्हती. ती बायकांतून वाट काढत आली. "तुमाले कोनं सांगतलं होतं? काऊन बांधली कुंपणाले?"

"दुपारी तार मेलेली होती! शेळी पाठ घासत होती!"

"दिवसा बंदच राह्यते न, भाऊजी," देवरावभाऊ ढोलकी घेऊन खाली आले. "अंधार पडला का आपोआप सुरू होते. सोलरवरची हाय."

प्राची स्टेजच्या कडेला बसली होती. तिचा चेहरा पाहून मी दुसरीकडे पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, माईकच्या वायरी पण तिथूनच गेल्या. त्याइच्यात टकटक आहे का? नाही. त्याइले आत दोन तारा असतात, एक सुलटी, एक उलटी. बाहेरचा कचरा दोन्हीत सारखा येते न् मशीनमध्ये एकमेकाले मारते. गिटारचं तसं नसते. तिले तसं करून देते तो डीआय बॉक्स. एवढासाच असते." तिनं तळहात दाखवला.

मी तो तळहात पाहिला. काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण तेवढ्यात मालक उठले.

"मले पुढं कुरखेड्याकडे जाणं हाय जी," ते म्हणाले. "होत असन त आत्ता होऊ द्या. नाई त पुढच्या सालाले पाहू."

पुढच्या सालाले! सुनंदाच्या पदराचं टोक सुटलं. बी.एड. आता प्राचीपासून हातभर अंतरावर येऊन उभं होतं.

"वायर सोडा," कोणीतरी म्हणालं. दोन माणसं विजेरी घेऊन धावली आणि पहिल्या बांबूपाशीच अडकली. दुहेरी गाठ, वर निरगाठ. "कोनं बांधली गा हे? बैल बांधाचा होता काय?" असं अंधारातून ऐकू आलं. शिवाय कुंपण आता चालू होतं. एकाच्या कोपराला तार लागली आणि त्यानं जो शब्द उच्चारला तो जावयासमोर उच्चारायचा नसतो.

"देवरावभाऊ, झटका मशीनच बंद करा," मी म्हणालो.

"कशी करू भाऊजी? धान पिकून उभं हाय. परवाच डुकरं येऊन गेले. मशीन बंद झाली का त्याइले तार येते जशी!"

"दोन गाण्यांपुरती!"

"दोन गाण्यात एक बांधी साफ करतेत. कोणी वावरात डबा वाजवत उभं राह्यलं त करतो बंद."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. देवरावभाऊंना ढोलकी होती. नानाजींना मशीन. बाकीचं गाव वर्षातून एकदा येणाऱ्या मंडईला आलं होतं. डबा वाजवायला नाही.

"हेच जातीन," सुनंदा म्हणाली.

देवरावभाऊ हादरले. "जवाई? वावरात? डबा वाजवाले? बाई, लोकं काय म्हणतीन! मालक काय म्हणन, या गावात जवायाले राखणीले ठेवतेत म्हणून!"

"मालकाले सांगूच नका न."

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मी तेलाचा रिकामा पिपा आणि एक काठी घेतली आणि मंडपाच्या मागून अंधारात शिरलो. थोड्या वेळानं कुंपणाची टकटक थांबली.

धानाच्या बांधीत उभं राहून तेलाचा पिपा वाजवणं हे काम ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा सावलीकडे यावं. डुकरांचं ठीक आहे. पण आमच्या भागात डुकरांच्या मागावर येणारेही असतात, अंगावर पट्टे असलेले, आणि त्यांना बिलं पाठवता येत नाहीत. मी पहिल्यांदा बेतानं वाजवत होतो. मग बांधावर काहीतरी सळसळलं. मग मी बेतानं वाजवत नव्हतो.

तिकडे गाणं सुरू झालं. आणि काय सांगू, एकशे चाळीस फुटांच्या बेलच्या वायरीतूनसुद्धा तिचा तो भात गिरणीसारखा आवाज असा आला की माझ्या पायाखालचा चिखल हलल्यासारखा वाटला. गाणं त्या आवाजावर बसून चाललं होतं. ढोलकी मोकळी झाली. मंडपातून टाळ्या आल्या. इतके महिने मी पेले मागे सरकवत होतो. ते कशासाठी पुढे येत होते, हे मला बांधीत उभं राहून कळलं.

मीही मग पिपा तालात वाजवायला लागलो. मोजून. एक-दोन-तीन-चार. उगाच वेडंवाकडं कशाला वाजवायचं?

दुसरं गाणं निम्म्यावर आलं तेव्हा मला तो तळहात पुन्हा आठवला. एवढासा. चपटा. मशीनसंगं आलेला. कडेला भोकं. लाल रंग उडालेला.

पिपा थोडा वेळ थांबला. मग सळसळ झाली आणि पुन्हा सुरू झाला.

गाणी संपली, तशी देवरावभाऊंच्या माणसानं झटका मशीन पुन्हा चालू केली. मी पिपा घेऊन धावतच मंडपाच्या मागल्या टोकाला गेलो. कोणी पाहायच्या आत तो लोखंडी डबा काढून घ्यायचा, पेटीत उदबत्तीच्या पुड्यांखाली ठेवायचा आणि विषय संपवायचा, असा माझा बेत होता. टेबलापाशी प्राची उकिडवी बसली होती. तिच्या हातात डबा होता. तिनं फुंकर मारून माती उडवली, भोकांत बोट घालून पाहिलं आणि मग वर माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, हा कोनं ठेवला इथी?"

"टेबल डुगडुगत होतं," मी म्हणालो.

तिनं डबा तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला. पण टेबल पुन्हा डुगडुगू लागलं होतं, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही. एवढी समज मला आली होती.

एवढ्यात मालक आले. मागून सुनंदा, तिच्या मागून देवरावभाऊ, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव. मालकांनी प्राचीकडे पाहिलं, मग गिटारीकडे.

"चारच तारा, पण पोटात बसतेत," ते म्हणाले. "होळीपर्यंत ये आमच्यासंगं. वडशाले तालीम हाय, सोमवारी पोहोच."

सुनंदानं एकदम पदर डोळ्यांना लावला. (जी पोरीला रडायचं नाही म्हणून बजावत होती!) प्राची हसायला लागली आणि तिला हसणं थांबवता येईना. मी पिपा खाली ठेवणार तोच मालक पुन्हा वळले.

"एक विचारू काय जी? माईकमधून मागं डबा वाजल्यासारखा आवाज येत होता. तो डबेवाला कोण होता? साऱ्या गाण्यात तो एकटा ताल सोडून वाजवून राह्यला होता."

मी तोंड उघडलं. आवाजाला बांधीपासून स्टेजपर्यंत यायला वेळ लागतो, त्यामुळे तालात वाजवलेला डबाही स्टेजवर मागे पडतो, हे साधं गणित आहे. त्यांना आकडे देऊन पटवता आलं असतं. पण देवरावभाऊंनी मला डोळ्यानं दाबलं. गावाच्या अब्रूचा प्रश्न होता.

"कोण असन बाप्पा," देवरावभाऊ म्हणाले. "गावात असे दोन-चार राह्यतेतच."

"आमच्या वळखीचा नाई," सुनंदा म्हणाली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिपा पाठीमागे धरला.

"होय जी," मी म्हणालो, "मीही ऐकलं. अगदीच बेताल होता."